कोलोनचा सायकलपटू आल्बर्ट रिख्टर

ऱ्हाईन नदीच्या तीरावरील कोलोन हे नगर आपल्याकडील वाचकाला ठाऊक असते ते तेथील दोन उत्तुंग मनोऱ्यांच्या प्राचीन कॅथीड्रलमुळे आणि त्या नगराचे नाव धारण करणाऱ्या सुगंधी द्रव्यामुळे. याच नगराने दोन महायुद्धांच्या दरम्यान सायकलशर्यतीच्या क्षेत्रात जे स्थान मिळविले होते, त्याची वार्ता आपल्यापर्यंत फारशी पोचलेली नाही. १९२७ सालापासून १९३५ सालापर्यंतच्या अवधीत हौशी स्प्रिंटर्सचे जगज्जेतेपद जर्मनीकडे तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा ते जिंकून आणणारा तरुण कोलोनचाच होता : १९२७ साली माथिआस एंगेल, १९३२ साली आल्बर्ट रिख्टर आणि १९३५ साली टोनी मेर्केन्स. फ्रँकफुर्टच्या आउगुस्ट लेर याने १८९४ साली अँटवर्प येथे हाच मान मिळविला होता. पुढे विसाव्या शतकात मात्र १९२७ पर्यंत जर्मन हौशी सायकलपटू त्याच्यापासून वंचित राहिले आणि मग एकाच शहरातून एकामागून एक असे तीन वीर निर्माण व्हावेत, ही घटना केवळ योगायोगाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

तिचे कारण शोधू गेल्यास ते कोलोनच्या कामगारवस्तीत सापडते. एहरेनफेल्ड हा शहराचा पश्चिमेकडील भाग कारखान्यांचा, कार्यशाळांचा आणि लहान कारागिरांचा. येथील मुलाला घोडा परवडत नव्हता, टेनिसच्या क्लबात प्रवेश नव्हता. सायकल मात्र काटकसर करून घेता येत होती. १९२३ साली म्युंगर्सडोर्फ येथे नगरपालिकेने जे मोठे क्रीडांगण उभारले, त्यात सायकलशर्यतीची धावपट्टीही होती. आणि १९२८ साली एहरेनफेल्डमधील एका बंद पडलेल्या विद्युत्‌यंत्रांच्या कारखान्याच्या प्रचंड दालनात ‘ऱ्हाईनलांडहाले’ हे बंदिस्त शर्यतगृह सुरू होऊन तेथे हिवाळ्यात सहा दिवस व सहा रात्री अखंड चालणाऱ्या शर्यती भरू लागल्या. ज्या वस्तीतील बाप दिवसभर राबत, त्याच वस्तीत रात्री दिव्यांच्या लखलखाटात देशोदेशीचे नामांकित शर्यतपटू धावताना त्यांच्या मुलांना पाहावयास मिळत. अशा ठिकाणी पोराटोरांना सायकलीचे वेड लागले नसते तरच नवल.

ज्या स्प्रिंट शर्यतीत या तिघांनी नाव मिळविले, तिचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण ज्याने ती पाहिलेली नाही, त्याची समजूत ‘जो जोराने पायडल मारील तो जिंकेल’ अशी होण्याचा संभव असतो. या शर्यतीत बहुधा दोनच स्पर्धक समोरासमोर असतात. त्या काळी अंतर सुमारे एक हजार मीटरचे असे. पण वेळ मोजली जाते ती शेवटच्या दोनशे मीटरांचीच. सायकलीला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसते. साखळी मागच्या चाकाशी अशी जखडलेली असते की, चाक फिरत असेतोवर पायडलही फिरलेच पाहिजे आणि वेग कमी करावयाचा तर तो पायांनीच रोखून कमी करावयाचा. पहिल्या फेऱ्यांत दोघेही इतके संथ चालतात की, अजाण प्रेक्षक कंटाळून जावा. कधी कधी तर उतरत्या लाकडी पट्टीवर दोघेही जागच्या जागी तोल सावरून उभे राहतात, कारण पुढे जाणाऱ्याला वारा कापावा लागतो व मागे राहणाऱ्याला त्याच्या आडोशाचा लाभ मिळतो. म्हणून ‘तू पुढे हो’ असा हा निःशब्द आग्रह चाललेला असतो. मग एकदम कोणीतरी वळणाच्या माथ्यावरून खाली झेप घेतो, आणि दहा-बारा सेकंदांत सारा निकाल लागतो. या खेळात मांड्यांचे बळ लागते, त्याहून अधिक लागते ते प्रतिस्पर्ध्याच्या मनाचे वाचन. नवशिक्याला हे शिकविणारा अनुभवी गुरू नसेल, तर केवळ शरीरसामर्थ्याने तो फार दूर जाऊ शकत नाही.

आल्बर्ट रिख्टर याला असा गुरू लाभला. आल्बर्टचा जन्म १४ ऑक्टोबर १९१२ रोजी एहरेनफेल्ड येथे झाला. घरी प्लास्टरच्या मूर्ती व शोभेच्या आकृती घडविण्याचा व्यवसाय होता. भावांबरोबर आल्बर्टही तो शिकला. पित्याच्या इच्छेवरून त्याने व्हायोलिनचेही शिक्षण घेतले. शर्यतीचा नाद मात्र त्याने घरच्यांपासून लपवून ठेवला होता, आणि एका अपघातात खांद्याजवळचे हाड मोडून घेऊन तो घरी आला, तेव्हाच ते गुपित फुटले. या मुलाच्या अंगचे तेज ज्याने प्रथम ओळखले तो एर्न्स्ट बर्लिनर हा स्वतः एके काळचा शर्यतपटू. गाद्या-कोचांचा व्यवसाय करणारा, धर्माने ज्यू असलेला हा कोलोनचा गृहस्थ सायकलशर्यतीच्या क्षेत्रात चाणाक्ष शिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून मान्यता पावला होता. बर्लिनरने रिख्टरला हाताशी धरले. पुढील आठ वर्षांत या दोघांचा संबंध शिक्षक-शिष्यत्वाची मर्यादा ओलांडून पितापुत्राच्या नात्यापर्यंत गेला, आणि रिख्टरच्या चरित्रातील जे जे उदात्त आहे ते या संबंधाभोवतीच गुंफलेले आहे.

१९३२ हे वर्ष जर्मनीच्या दृष्टीने अत्यंत हलाखीचे होते. बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली होती. कारखाने थंडावले होते. रस्त्यांवर निरनिराळ्या पक्षांच्या टोळ्यांमध्ये रोजच मारामाऱ्या होत. अशा काळात वीस वर्षेही पुरी न झालेल्या रिख्टरने पॅरिसला जाऊन तेथील हौशी स्प्रिंटर्सची ग्रां प्री ही बहुमानाची शर्यत जिंकली. फ्रेंच प्रेक्षक जर्मनांवर प्रेम करण्याच्या मनःस्थितीत त्या काळी मुळीच नव्हते. तरीही तेथील वँसेनच्या धावपट्टीवरील जाणकारांनी या तरुणाची डौलदार बैठक आणि अखेरच्या वळणावरील झेप पाहून त्याला मनमुराद दाद दिली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने होते. रिख्टर जर्मनीचा सर्वोत्तम हौशी स्प्रिंटर होता, यात वाद नव्हता; पण एवढ्या दूरच्या प्रवासाचा खर्च सोसण्याची जर्मन सायकलसंघटनेची ऐपत नव्हती, म्हणून तो मायदेशीच राहिला. तेथील स्प्रिंटचे सुवर्णपदक हॉलंडच्या याकोबस फान एग्मोंडने नेले. ३ सप्टेंबर १९३२ रोजी रोम येथे जागतिक अजिंक्यपदाची अंतिम शर्यत जिंकून रिख्टरने त्या निराशेची भरपाई केली. कोलोनला परतला, तेव्हा गावाने त्याचे जंगी स्वागत केले.

हौशी खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द येथेच संपली, आणि ती इतक्या लौकर का संपली हे समजून घेतले पाहिजे. इंग्लंडातील सुखवस्तू वर्गाने ‘हौशी’ खेळाडूची जी कल्पना रूढ केली, तिच्यात खेळासाठी पैसा घेणे हे हीनपणाचे मानले जाई. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला हा नियम पाळणे अवघड नव्हते. एहरेनफेल्डच्या कारागिराच्या मुलाला मात्र हौशी शर्यत ही उमेदवारी होती. रोख बक्षीस घेण्यास मनाई, प्रवास व सराव यांत मिळकत बुडणार, आणि हाती यायचा तो चषक किंवा मानचिन्ह. या उमेदवारीच्या शेवटी जगज्जेतेपद मिळाले, तर शर्यतगृहांचे चालक स्वतःहून करारपत्र पुढे करीत आणि पोटापाण्याची चिंता मिटे. माझ्या मते यात कमीपणाचे काहीही नाही. ज्या नियमाने गरिबाच्या कष्टाला मोबदला नाकारला, त्या नियमाचेच समर्थन करणे मला कठीण वाटते.

बर्लिनरच्या सल्ल्यावरून रिख्टर धंदेवाईक झाला आणि त्या काळी स्प्रिंटची राजधानी असलेल्या पॅरिसमध्ये राहू लागला. फ्रेंच भाषा तो चित्रपट पाहून शिकला. थोड्याच दिवसांत पॅरिसकरांनी त्याला ‘आठ सिलिंडरचा जर्मन’ हे नाव बहाल केले. त्याचे गाढ मित्र दोन : बेल्जियमचा जेफ शेरेन्स आणि फ्रान्सचा लुई जेरारदाँ. अखेरच्या काही मीटरांत मांजरासारखी उडी घेण्याच्या कसबामुळे शेरेन्सला त्याचे देशबांधव लाडाने ‘मांजर’च म्हणत. त्याने १९३२ पासून १९३७ पर्यंत ओळीने सहा वर्षे धंदेवाईकांचे अजिंक्यपद दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिले नाही. रिख्टरचे दुर्दैव असे की, त्याची ऐन उमेदीची वर्षे नेमकी याच अलौकिक खेळाडूच्या छायेत गेली. १९३३ साली तिसरा, १९३४ आणि १९३५ साली दुसरा, पुन्हा १९३६, १९३७ व १९३८ साली तिसरा. अशा रीतीने सहा वर्षे तो पहिल्या तिघांत राहिला. पण प्रथमस्थान त्याला कधीच मिळाले नाही. जर्मनीत मात्र १९३३ पासून १९३९ पर्यंत सलग सात वर्षे धंदेवाईकांचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्याकडे होते. प्रतिस्पर्धी असूनही शेरेन्स, जेरारदाँ व रिख्टर हे तिघे गावोगावच्या शर्यतींना एकत्र प्रवास करीत, एकत्र जेवत आणि दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर परस्परांना हरविण्यासाठी जिवाचे रान करीत. फ्रेंच लेखक द्यूमाच्या कादंबरीतील तीन शिलेदारांच्या नावाने लोक त्यांना ओळखत.

इकडे जर्मनीत ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या हाती सत्ता गेली. ज्यू सभासदांना क्रीडासंघटनांतून काढून टाकण्यास त्याच वर्षी सुरुवात झाली आणि बर्लिनर हा एकाएकी आपल्याच गावात परका ठरला. रिख्टरवर त्याला सोडण्यासाठी दडपण आले. त्याने ते मानले नाही. परदेशच्या शर्यतींत त्याचे करारमदार बर्लिनरच पाहत राहिला. १९३७ साली बर्लिनरला कुटुंबासह हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला, त्यानंतरही हा संबंध तुटला नाही. नव्या राजवटीने खेळाडूंच्या अंगरख्यावर स्वस्तिकचिन्ह आणले, तेव्हा रिख्टर जुन्या जर्मन गरुडाचाच अंगरखा घालून धावे. १९३४ सालचे एक छायाचित्र उपलब्ध आहे : विजयी रिख्टर पुष्पहार घेऊन उभा आहे, सभोवारच्या लोकांनी हिटलरी अभिवादनासाठी उजवे हात उंचावले आहेत, आणि याचे दोन्ही हात खाली आहेत. रिख्टरने भाषणे केली नाहीत, पत्रके काढली नाहीत, तो कोणत्याही पक्षाचा नव्हता. तरी त्या गर्दीत हात खाली ठेवण्यास किती धैर्य लागत असेल, याची कल्पना त्या राजवटीचा इतिहास वाचणाऱ्याला सहज येईल.

येथे टोनी मेर्केन्सची हकीकत सांगणे अवश्य आहे. त्याचा जन्मही कोलोनचा आणि १९१२ सालचाच, २१ जूनचा. म्हणजे रिख्टरहून तो जेमतेम चार महिन्यांनी वडील. शर्यतीच्या सायकली बांधणाऱ्या एका कारागिराकडे त्याने यंत्रकामाची उमेदवारी केली होती. रिख्टर धंदेवाईक झाल्यावर जर्मनीच्या हौशी स्प्रिंटर्समधील अग्रस्थान मेर्केन्सकडे आले आणि १९३५ साली ब्रुसेल्स येथे तो जगज्जेता झाला. त्याच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमधील त्याच्या सुवर्णपदकाला जो डाग लागला, तो पुसला गेलेला नाही. अंतिम शर्यतीत त्याची गाठ हॉलंडच्या आरी फान फ्लीटशी होती. पहिल्या लढतीत फान फ्लीट मागून येऊन पुढे जाऊ पाहत असता मेर्केन्सने आपली सायकल उघडपणे त्याच्या वाटेत आणली, त्याचा वेग मोडला आणि लढत जिंकली. दुसरी लढतही मेर्केन्सने जिंकली. डच पथकाने तक्रार गुदरल्यानंतर पंचांनी निर्णय दिला तो विलक्षण होता : अपराध झाला हे मान्य करून त्यांनी मेर्केन्सला शंभर मार्कांचा दंड केला आणि पदक मात्र त्याच्याकडेच ठेवले. ज्या नियमभंगासाठी स्पर्धक बाद व्हावयाचा, त्याची किंमत रोख रकमेत ठरविली गेली, आणि तीही ज्या खेळाडूला बक्षिसाचा पैसा स्वीकारण्याची मनाई होती त्याच्याकडून वसूल करण्यात आली! फान फ्लीटने त्याच सामन्यांत एक किलोमीटरच्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले, त्याच वर्षी हौशी जगज्जेतेपदही जिंकले, आणि दोन वर्षांनी धंदेवाईकांच्या जगज्जेतेपदात शेरेन्स व रिख्टर या दोघांनाही मागे टाकले.

या बर्लिन सामन्यांशी महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे गेले होते आणि मल्लखांबासारख्या आपल्या देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने जमलेल्या देशोदेशींच्या प्रेक्षकांना दाखविली. सजविलेल्या त्या राजधानीत आलेल्या पाहुण्यांच्या दृष्टीस ज्यूविरोधी फलक पडू नयेत, अशी तजवीज सरकारने आधीच केली होती. मेर्केन्सला इतर विजेत्यांप्रमाणे पदकाबरोबर ओक वृक्षाचे रोपही मिळाले. ऑलिंपिकनंतर तोही धंदेवाईक झाला. पुढे युद्धात पूर्व आघाडीवर तो जखमी झाला आणि २० जून १९४४ रोजी, बत्तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, बाड नाउहाइम येथील रुग्णालयात मरण पावला.

रिख्टरचा अंत त्याआधीच झाला होता. १९३९ च्या सप्टेंबरात मिलान येथे जागतिक स्पर्धा चालू असतानाच युद्धाला तोंड लागले आणि स्प्रिंटचे सामने अर्धवट सोडून खेळाडू आपापल्या देशी परतले. ज्यांच्याबरोबर त्याने सहा-सात वर्षे सुखदुःखे भोगली, त्यांच्यावर बंदूक रोखण्याची वेळ येणार हे रिख्टरला दिसत होते. त्याने जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला जाण्याचे ठरविले. ९ डिसेंबर रोजी बर्लिनच्या डॉइचलांडहाले या शर्यतगृहात त्याने अखेरची मोठी शर्यत जिंकली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तो आपली शर्यतीची सायकल घेऊन आगगाडीने स्वित्झर्लंडकडे निघाला. सोबत १२,७०० मार्क होते. ही रक्कम जर्मनीतून निसटून गेलेल्या कोलोनच्या एका ज्यू व्यापाऱ्याची होती आणि ती त्याला पोचविण्याचे रिख्टरने पत्करले होते.

रक्कम लपविली होती सायकलीच्या टायरमध्ये. शर्यतीच्या सायकलीचा टायर आपल्या नेहमीच्या सायकलीच्या टायरसारखा खालून उघडा नसतो. आतली ट्यूब पातळ कापडी कवचात घालून ते कवच खालच्या अंगाने टाके घालून शिवतात आणि शिवलेली बाजू रिमवर चिकटवून टाकतात. त्यामुळे टायर म्हणजे चोहोबाजूंनी बंद अशी नळीच होते. पंक्चर काढावयाचे तर टायर रिमवरून सोलून टाके उसवावे लागतात आणि काम झाल्यावर पुन्हा शिवावे लागते. हे काम शर्यतपटूच्या सवयीचे असल्यामुळे नोटा आत ठेवून टाके पुन्हा घालणे रिख्टरला अवघड गेले नसेल, आणि शर्यतीला निघालेल्या विख्यात खेळाडूजवळ सायकल असण्यात संशयास्पद असे काहीच नव्हते. परंतु स्विस सरहद्दीलगतच्या वाइल येथील नाक्यावर अंमलदार आले ते थेट सायकलीकडेच वळले आणि त्यांनी टायर कापला. त्याच गाडीत असलेल्या डच शर्यतपटूंनी ही घटना डोळ्यांनी पाहिली. इतर कोणतीही झडती न घेता नेमके टायरच कापले गेले, यावरून आगाऊ खबर कोणीतरी दिली होती असाच निष्कर्ष निघतो. खबर देणारा कोण याविषयी कुजबूज पुष्कळ झाली. पण पुराव्यावाचून कोणाचे नाव घेणे न्यायाचे होणार नाही.

रिख्टरला जवळच्या लोराख येथील तुरुंगात ठेवण्यात आले. २ जानेवारी १९४० रोजी तेथे त्याचा मृत्यू झाला. सरकारी दप्तराने त्याच्या मृत्यूची जी कारणे दिली, ती एकमेकांशी जुळत नाहीत. आधी बर्फावर घसरून अपघात झाल्याचे सांगितले गेले, मग कोठडीत गळफास घेतल्याचे. भाऊ त्याला पाहण्यासाठी गेला, तेव्हा त्याला दिसला तो रक्ताने माखलेला मृतदेह. देह कोलोनला आणून एहरेनफेल्डच्या दफनभूमीत पुरण्यात आला. ज्या क्रीडासंघटनेचा तो सात वर्षे राष्ट्रीय अजिंक्यवीर होता, तिच्या मुखपत्राने त्याचे नाव आपल्या पंक्तीतून आणि स्मृतीतून कायमचे पुसून टाकल्याचे जाहीर केले.

दुःखाची गोष्ट अशी की, ही घोषणा युद्धानंतरही पुष्कळ वर्षे अमलात आल्यासारखीच होती. एर्न्स्ट बर्लिनर हॉलंडमध्ये लपून राहून वाचला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. आपल्या शिष्याच्या मृत्यूचा छडा लागावा म्हणून त्याने १९६६ साली जर्मनीत फिर्याद केली. तपास सुरू झाला. पण एव्हाना सव्वीस वर्षे लोटली होती, साक्षीदार पांगले किंवा मरण पावले होते, आणि अधिकाऱ्यांनी पुरावा नाही म्हणून प्रकरण दप्तरदाखल करून टाकले. १९९० साली रिख्टरवर एक अनुबोधपट निघाला आणि नव्या पिढीला हे नाव प्रथमच कळले. १९९६ साली म्युंगर्सडोर्फ येथे नवीन सायकल धावपट्टी बांधली गेली, तेव्हा तिला आल्बर्ट रिख्टरचे नाव देण्यात आले. २००८ साली जर्मन क्रीडाक्षेत्राच्या मानकऱ्यांच्या नामावलीत त्याचा समावेश झाला.

रिख्टरचा खून झाला, असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. परंतु जो सरकारी वृत्तान्त स्वतःच बदलला, तो स्वीकारण्याचे बंधन इतिहास लिहिणाऱ्यावर नाही, आणि माझा कौल रिख्टरच्या बंधूने जे पाहिले त्याच्या बाजूने आहे. क्रीडाविषयक कोशांत हौशी विजेत्यांची जी कोष्टके छापली जातात, त्यांत १९३२, रोम, आल्बर्ट रिख्टर, जर्मनी एवढीच नोंद असते. ती लिहिणाऱ्यांनी आणखी एक ओळ वाढवून १९४०, लोराख हीही नोंद तिच्यापुढे घालावी, एवढीच माझी विनंती आहे.